घर बदललं, मीटर तेच: सोलापूरच्या वीज-गॅस खर्चाच्या नोंदी

३ एप्रिल २०२४, गोरेगाव

मार्चअखेरची कामं हातावेगळी झाली. शनिवारी सामान निघणार. नवऱ्याची बदली सोलापूरला झाली आहे आणि सासऱ्यांनी जुळे सोलापुरात बांधलेलं घर भाडेकरूंनी गेल्याच महिन्यात रिकामं केलंय. मी लोकांचे हिशेब घरात बसूनच लिहिते, त्यामुळे माझा पंखा आणि संगणक दिवसभर चालू. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी. तिकडे वीज-गॅसला महिन्याला किती धरायचे आणि काय कुणाकडून घ्यायचं, एवढ्यासाठी ही वही.

इथे मुंबईच्या उपनगरात वीज अदानीची घ्यायची की टाटाची, हे ग्राहक ठरवू शकतो. तारा एकीच्या आणि वीज दुसरीची, असंही चालतं. आम्ही मागे एकदा दोघांच्या दरांचे तक्ते शेजारी ठेवून रात्र घालवली होती. सोलापुरात तो खेळ नाही. महावितरण, बस्स. वीज कायदा २००३ चा, खुल्या बाजारातून वीज घ्यायची सोयही त्यातच आहे, पण ती कारखान्यांसाठी. घरगुती ग्राहकाच्या वाट्याला ती येत नाही.

म्हणजे निवडायचं उरलं काय? गॅसचा वितरक, मीटरचा मंजूर भार (एका वेळी किती वीज ओढायची मुभा), घरात कूलर की एसी, आणि गच्ची आपली असल्यामुळे सौर बसवणारा. विजेची कंपनी निवडता येत नाही, पण कितव्या युनिटपर्यंत जायचं ते आपल्या हातात आहे.

८ एप्रिल

उद्या पाडवा. खोकी अर्धीच उघडली आहेत, पण मीटरचा फोटो पहिल्या दिवशीच काढला: रीडिंग, मीटर क्रमांक, सील. भाडेकरूंचं शेवटचं बिल या आकड्यापर्यंतचं, पुढचं आमचं. त्यांनी भरल्याची पावती दाखवली, थकबाकी शून्य.

जुन्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक, चार आकडी बिलिंग युनिट आणि मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो वापर पाहून नवरा खूश झाला: ७०, ८५, ६२, ९०. म्हटलं, थांब. इथे तीन अविवाहित मुलं राहायची, दिवसभर कामावर आणि जेवायला बाहेर. घर तेच असलं तरी बिल राहणाऱ्यांचं असतं. मागच्या बिलावरून अंदाज बांधायचा तर निदान घरात माणसं किती होती आणि दुपारी घरी कोण असायचं, एवढं विचारावं.

दोन गोष्टी बिलावरच सापडल्या. जोडणी अजून सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आणि मंजूर भार १ किलोवॅट. आम्ही मुंबईहून आणलेला दीड टनाचा एसी एकटाच दीड किलोवॅटच्या पुढे जातो. दोन्ही अर्ज करायचे.

१० एप्रिल

वायरमन येऊन गेला. म्हणाला, "वैनी, थ्री-फेज घेऊन टाका, टेन्शन नको." घेतलं नाही. घरगुती सिंगल-फेजचा स्थिर आकार महिन्याला सुमारे १३० रुपये, थ्री-फेजचा त्याच्या तिपटीच्या घरात. तो एकही युनिट न जाळता दर महिन्याला भरायचा. उलट सिंगल-फेजमध्येच मंजूर भार १ वरून ४ किलोवॅट केला, तर स्थिर आकार वाढत नाही. आमच्या घरात एका वेळी एसी, इस्त्री आणि मोटर चालली तरी ४ पुरतात.

एसीसाठी मात्र मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण, टाकून घेतला. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता, त्यात मीठ-कोळसा आणि दोन बादल्या पाणी गेलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

१२ एप्रिल

गॅस. मुंबईत पाइपचा होता, तेव्हा सिलिंडर परत केले होते. आमच्या गल्लीत अजून पाइप नाही, म्हणून नवी जोडणी. इंडेन, भारत, एचपी यांत दराचा फरक शोधण्यात अर्थ नाही, तिन्हीकडे दर जवळपास सारखाच. ९ मार्चला शंभर रुपये उतरल्यापासून १४.२ किलोचा सिलिंडर मुंबईत ८०२.५० ला आहे, इथे वाहतुकीमुळे थोडा वर. अनामतही तीच: सिलिंडरला २,२००, रेग्युलेटरला २५०. दोन सिलिंडर घेतले तर ४,६५०, शिवाय नळी, पुस्तक आणि आतला गॅस.

म्हणून कंपनी बघायची नाही, वितरक बघायचा. गल्लीत चार घरी विचारलं: नंबर लावल्यावर किती दिवसांत येतो, गाडी कुठल्या वारी असते, पोचवणारा वर पैसे मागतो का. एका वितरकाचं दुकान चालत पाच मिनिटांवर, पण गाडी या भागात आठवड्यातून एकदाच आणि पावतीपेक्षा वीस-तीस जास्त द्यायची वहिवाट. दुसऱ्याचं दुकान विजापूर रोडला लांब, पण गाडी दोनदा आणि पावतीवरचा आकडा तोच हातात. दुसरा घेतला. दुकानात आपण वर्षातून एकदा जाणार, गाडी आपल्या दारात येणार.

पहिला सिलिंडर आला तेव्हा पोचवणाऱ्याला काटा काढायला सांगितलं. त्याने कुरकुर न करता गाडीतून लटकता काटा काढला. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन १५.९ कोरलेलं, काट्यावर ३०.१. बरोबर १४.२. वरच्या पट्टीवर ‘डी-२६’: म्हणजे पुढची तपासणी २०२६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ए, बी, सी, डी हे वर्षाचे चार तिमाही. मुदत उलटलेला सिलिंडर घ्यायचा नाही, जागेवरच परत करायचा. सासूबाई शेजारी उभं राहून सगळं बघत होत्या, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी नुसतं हलवून बघायचो."

चार माणसांना एक सिलिंडर साधारण चाळीस दिवस. वर्षाला नऊ. वहीत ७,४०० लिहिले.

१४ एप्रिल

रविवार. अंदाजाचा तक्ता आज बसून केला. एप्रिलपासूनचे महावितरणचे घरगुती दर, वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचा) धरून, दर युनिटला रुपये: पहिल्या १०० ला ५.८८, १०१ ते ३०० ला ११.४६, ३०१ ते ५०० ला १५.७२, त्यापुढे १७.८१. वर स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन, म्हणजे वीज मिळवण्याच्या खर्चातल्या चढउताराचा आकार, महिन्यागणिक बदलतो, तो वेगळा.

बहुतेक लोक इथे सरासरी काढतात: बिल भागिले युनिट. मला ती सरासरी कामाची वाटत नाही. मला कळायला हवं ते शेवटचं युनिट केवढ्याला पडतं. शुल्क धरून पहिल्या शंभरातलं युनिट ६.८२, दुसऱ्या टप्प्यातलं १३.२९, तिसऱ्यातलं १८.२४. एकाच मीटरमधून, एकाच तारेतून.

मे महिन्याचा अंदाज, युनिटमध्ये: फ्रिज २८, चार जुने पंखे बारा-बारा तास १०८, दिवे १५, टीव्ही १२, संगणक आणि राउटर ३०, धुण्याचं यंत्र ८, इस्त्री-मिक्सर १०, पाण्याची मोटर ६. झाले २१७. कूलर दिवसाला दहा तास, ५४. एकूण २७१. बिल ३,१०० च्या आसपास.

त्यात एसी रोज रात्री आठ तास चालवला तर आणखी २४० युनिट. बिल ७,३५० च्या वर. म्हणजे एकट्या एसीचे सव्वाचार हजार, युनिटला पावणेअठरा रुपये. कारण एसी येतो शेवटी, स्वस्त युनिट आधीच फ्रिज आणि पंख्यांनी खाऊन झालेले असतात.

मोटर पाहून मला गंमत वाटली. इथे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. आलं की सगळी गल्ली उठते, हौद भरतो, मग मोटरने वरची टाकी. घरातलं सगळ्यात मोठा आवाज करणारं यंत्र हेच, म्हणून सगळ्यांना वाटतं वीज तेच खातं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, चाळीस मिनिटं, पाव-अर्धं युनिट.

२१ एप्रिल

पारा बेचाळिसावर. कूलरवरून घरात दोन पक्ष पडले. नवरा आणि मुलगी एसीवाले, सासूबाई आणि मी कूलरवाल्या. आमचं खरं कारण पैसे नव्हे, सोलापूरची हवा. इथला उन्हाळा कोरडा, कूलरला अशीच हवा लागते. गोरेगावात हाच कूलर मे महिन्यात नुसता दमट वाफारा फेकायचा. इथे दुपारी दोनला वाळ्याच्या पडद्यातून येणारी हवा अंगावर घेतली की चादर ओढावीशी वाटते.

तह असा: दिवसा आणि रात्री कूलर, एसी फक्त रात्र फारच तापली तर, आणि तेव्हा २६ वर, पंखा लावून. जुलैत पाऊस पडला की कूलर माळ्यावर.

संध्याकाळी शेजारचे काका कठड्यावरून म्हणाले, "वैनी, वीज आपल्या फताटेवाडीत तयार व्हायलीय, अन् बिल आपणच एवढं भरायलाव!" एनटीपीसीचा प्रकल्प इथून जवळच, ६६० मेगावॅटचे दोन संच. पण त्याची वीज देशाच्या वीजजाळ्यात जाते, आणि महावितरणचा दर वीज नियामक आयोग राज्यभर एकच ठरवतो. चिमणीखाली राहणाऱ्याला आणि गडचिरोलीतल्याला तोच. काकांना ते पटलं नाही. मग मी सांगितलं की रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि तिनेच दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं. त्यावर ते खूश. "मग सवलत तर पायजेच की!"

२८ एप्रिल

आज मीटरपुढे स्टूल टाकून बसले. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती वेळा. आमच्यावर ३२००. म्हणजे मिनिटाला एक लुकलुक जवळपास १९ वॅट. मुलगी आत एकेक बटण दाबत होती आणि मी बाहेर मोजत होते.

जुना पंखा पूर्ण वेगात: मिनिटाला चार, ७५ वॅट. कूलर: दहा, साधारण १९०. हे अपेक्षितच होतं. मग म्हटलं, सगळं बंद कर, फ्रिजचा प्लगही काढ. दिवा तरी लुकलुकतोय. दोन मिनिटांत तीन वेळा. २८ वॅट, घरात काहीही चालू नसताना.

शोधलं. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि भाडेकरूंनी मागे ठेवलेला जुना इन्व्हर्टर, ज्याची बॅटरी भरल्याचं तो कधी मान्यच करत नाही. २८ वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला वीस युनिट, दुसऱ्या टप्प्याच्या दराने २६५ रुपये. सेट-टॉप बॉक्सला बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला. इन्व्हर्टरचं वळवाच्या पावसाआधी ठरवू. मुलीला हा खेळ इतका आवडला की तिने मिक्सर, इस्त्री आणि आजीचा नेब्युलायझरही मोजून घेतला. इस्त्रीच्या वेळी लुकलुक मोजता येईना, दिवा नुसता थरथरत होता.

पंखे बदलायचे ठरलं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, पूर्ण वेगात तिशीच्या आत-बाहेर वॅट घेतो. चार पंख्यांत महिन्याला ६५ युनिट वाचतात, म्हणजे साडेआठशे रुपये. चारांची किंमत बारा हजारांच्या आत. वर्षातले आठ महिने तरी इथे पंखे अखंड चालतात. यापेक्षा सोपा हिशेब या वहीत दुसरा नाही.

७ मे

मतदानाची सुट्टी. बोटाला शाई लावून आल्यावर गॅस विरुद्ध इंडक्शनचा निकाल लावला, कारण जाऊबाई फोनवर सारखं ‘इंडक्शन स्वस्त’ म्हणत होत्या. एक किलो गॅसमध्ये साधारण पावणेतेरा युनिट उष्णता. शेगडीवर त्यातली दोन-तृतीयांश भांड्यात पोचते, बाकी स्वयंपाकघर तापवते. किलोला ५७ रुपये धरले तर भांड्यात पोचलेलं युनिट पावणेसातला. इंडक्शनवर ८५ टक्के पोचते, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या विजेने साडेपंधराला आणि तिसऱ्यात साडेएकवीसला. दुपटीहून जास्त. इथे गॅसच. ज्यांना सिलिंडरवर अनुदान आहे त्यांना तर प्रश्नच नाही. आणि कडक भाकरी इंडक्शनवर करून दाखवावी कुणीतरी.

१८ मे

पहिलं पूर्ण बिल. २८६ युनिट, इंधन समायोजन धरून साडेतीन हजारांच्या अलीकडे. पंख्यांची खरेदी बिलाच्या मुदतीनंतर झाली, त्यामुळे त्यात ती बचत नाही. अंदाजापेक्षा पंधरा जास्त: काही एसीच्या तीन तापलेल्या रात्रींचे, काही फ्रिजचे. लेबलवरचा फ्रिजचा आकडा ४२ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी नसतोच.

बिलाबरोबर दुसरा कागद: वाढीव सुरक्षा ठेव. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा वेगळा येतो. ठेव आता सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी लागते आणि या घराची जुनी ठेव म्हणजे नगण्य. हा खर्च नाही, ठेवच आहे, त्यावर व्याज बिलातून वळतं होतं. तरी घर बदलताना हातात ठेवायच्या पैशांत हे धरायला हवं.

बिल आलं की सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट, ऑनलाइन भरलं तर पाव टक्का, कागदी बिल नको म्हटलं तर दहा रुपये. तिन्ही घेतल्या. नाव बदलाचा अर्ज दिला: मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, इतर वारसांचं संमतीपत्र. नणंदेची सही हैदराबादहून यायची आहे.

१६ जून

नाव बदललं, भार ४ किलोवॅट झाला. आता गच्ची. नाव आधी लागतं, कारण सौरचा अर्ज वीजबिलावरच्या नावाने होतो.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारीत सुरू झाली: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० अनुदान, तिसऱ्याला १८,०००, कमाल ७८,०००. येणारा प्रत्येक विक्रेता ‘पूर्ण अठ्ठ्याहत्तर घ्या’ म्हणून तीन किलोवॅट गळ्यात मारतो. आमचा वर्षाचा वापर नव्या पंख्यांनंतर २,३०० युनिटच्या आसपास. इथल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे दोन किलोवॅटचे वर्षाला २,८०० वर. उरलेल्यात मे महिन्यातला एसी बसतो. जास्तीची वीज महावितरणकडे जमा होत जाते, पण तिसऱ्या किलोवॅटची मार्चअखेर शिल्लकच राहणार आणि शिलकीला भाव फार कमी. दोनच घ्यायचे. स्थिर आकार तर बिल शून्य झालं तरी भरावाच लागतो.

तीन कोटेशन आली. पहिल्याने किंमतच अनुदान वजा करून लिहिली आणि तोंडी म्हणाला, ते आम्ही बघून घेतो. अनुदान प्रकल्प चालू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात थेट येतं, मध्ये कुणी ‘बघून घ्यायचं’ काही नसतं. बाद. दुसऱ्याचे पॅनेल स्वस्त, पण देशात बनलेल्या सौर सेलचे नाहीत, आणि त्यांना अनुदान नाही. तिसरा थोडा महाग, सव्वा लाखाच्या वर, पण पॅनेलचा मेक, इन्व्हर्टरची वॉरंटी, लोखंडाची जाडी, आकाशातल्या विजेपासूनचा वीजरोधक, अर्थिंग, नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) खर्च, सगळं कागदावर.

त्याच्याशी एकच वाद झाला, वाळवणाचा. सासूबाईंच्या कुरडया, सांडगे आणि पापड गच्चीवर दक्षिणेच्या बाजूला वाळतात, आणि पॅनेललाही तीच बाजू हवी. तो म्हणाला, "आजी, एका बाजूला वाळवा की." सासूबाई म्हणाल्या, "ऊन कुठं येतंय ते मला पन्नास वर्षं म्हाईत आहे." शेवटी ढाचा सात फूट उंच करायचं ठरलं, लोखंड वाढलं, आठ हजार वर. वाऱ्यासाठी पायाशी सिमेंटचे ठोकळे मोठे करायला सांगितले. खाली वाळवण, वर पॅनेल, आणि पॅनेल पुसायला शिडी लावायला जागा. धूळ इथे भरपूर, पाणी मोजकं, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्यानेच.

१७ जुलै

आषाढी. गावभर पंढरपूरच्या गाड्या. जूनचं बिल २०४ युनिट, नव्या पंख्यांनी आपलं काम केलं. कूलर माळ्यावर गेला.

सौरला आगाऊ रक्कम दिली, पोर्टलवर अर्ज नोंदला. अनुदान वजा जाता पदरचे सत्तर-पंच्याहत्तर हजार. बिलातली वर्षाची बचत वीस-बावीस हजार धरली तर साडेतीन वर्षांत वसूल. ढाचा पावसाची उघडीप बघून उभा करणार. नेट मीटर बसल्याचा आकडा आला की पुढची नोंद.

वर्षाचा अंदाज, सौर बसेपर्यंतच्या दराने: वीज २४,०००, गॅस ७,४००. गोरेगावात दोन्ही मिळून याच्या वरच जायचं, कारण तिथे एसी सवयीचा होता. भाडेकरूंचा जुना इन्व्हर्टर मात्र अजून तसाच आहे, काका म्हणतात विकू नका, दिवाळीत भाव येईल.